लोअर व्हर्जनमध्ये सेव्ह करून द्या!

संगणक-शंका : वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

या वेळच्या पत्रांचा सूर एकच. समोरच्यानं फाइल पाठवली, आमच्याकडे उघडत नाही. दिवाळी अंकांची पानं लागायला सुरुवात झाली आहे, तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या पत्रिका ठरू लागल्या आहेत, तेव्हा हे होणारच होतं. रविवार कारंजाजवळच्या आमच्या डीटीपीच्या खोलीत या दिवसांत फोन वाजला की पलीकडून हमखास ऐकू येतं, ‘‘ताई, फाइल करप्ट आहे.’’ बहुतेक वेळा फाइल ठणठणीत असते. ती नव्या आवृत्तीत बनलेली असते, एवढंच.

ताई, आमच्या मंडळाचा दिवाळी अंक निघतो. यंदा मांडणी पुण्याच्या एका मुलीकडून करून घेतली. तिनं इनडिझाइन या पानं मांडायच्या प्रोग्रॅमची फाइल मेलनं पाठवली. आमच्या प्रेसवाल्याकडे इनडिझाइन सीएस-६ आहे. फाइल उघडताना ‘फाइलचा प्रकार चालत नाही किंवा प्लगइन नसेल’ असा मेसेज येतो. तो दोन दिवस प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा पूरक प्रोग्रॅम, शोधतोय. पीडीएफवर भागणार नाही, कारण आमचे लेखक शेवटच्या घटकेला दुरुस्त्या देतात. काय करावं? — एक संपादक, नाशिकरोड

आधी प्रेसवाल्या दादांना सांगा, प्लगइन शोधणं थांबवा. असं प्लगइन कुठेही मिळणार नाही. तो मेसेज अडाणी आहे. त्यात तीन-चार शक्यता एकत्र कोंबल्या आहेत आणि खरी गोष्ट, म्हणजे ही फाइल माझ्यापेक्षा नव्या आवृत्तीची आहे, ती मात्र सरळ सांगितलेली नाही. सीएस-६ बाहेर आलं २०१२ साली. त्यानंतरच्या, वर्गणी भरून मिळणाऱ्या आवृत्त्यांना सीसी म्हणतात. परिच्छेदाच्या मागे रंगाची पट्टी टाकायची सोय इनडिझाइनमध्ये आली सीसी २०१५ ला; परिच्छेदाभोवतीची चौकट आणि एंडनोट, म्हणजे लेखाच्या शेवटी येणाऱ्या टिपा, आल्या सीसी २०१८ ला. पुढे काय काय येणार आहे हे २०१२ च्या प्रोग्रॅमला ठाऊक असणं शक्यच नाही. तो दार लावून घेतो.

दार उघडायची किल्ली तुमच्या प्रेसकडे नाही, पुण्याच्या त्या मुलीकडे आहे. तिला फोन करा आणि सांगा, फाइल मेनूतल्या ‘सेव्ह ॲज’मध्ये जा, प्रकाराच्या यादीतून ‘इनडिझाइन सीएस-४ ऑर लेटर’ असं लिहिलेला आयडीएमएल हा प्रकार निवड आणि ती फाइल दे. काम अर्ध्या मिनिटाचं आहे. आयडीएमएल सीएस-४ पासून पुढच्या कुठल्याही इनडिझाइनमध्ये उघडते. ती खरं तर एक झिप असते, आत पानं, मजकूर, स्टाइल्स असं सगळं एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुरात, लिहून ठेवलेलं. त्यामुळे जुन्या इनडिझाइनला जे समजतं ते तो घेतो, जे समजत नाही ते सोडून देतो.

पण नुसती आयडीएमएल मागवाल तर पुन्हा फसाल, कारण चित्रं तिच्यात नसतात. तिला ‘पॅकेज’ करायला सांगा. त्यात चित्रांचं फोल्डर येतं, फॉन्टचं फोल्डर येतं, आणि खाली आयडीएमएल व पीडीएफ सोबत जोडायच्या दोन खुणा असतात, त्या दोन्ही करायला सांगा. पूर्ण फोल्डर झिप करून ड्राइव्हवर ठेवायचं. जीमेलची मर्यादा २५ एमबीची आहे, दिवाळी अंक तिच्यात मावत नाही. आणि ती पीडीएफ टाकून देऊ नका, तिचं काम पुढे आहे.

आता फॉन्ट. मराठी अंकाची खरी रडकथा इथे सुरू होते. मुलीनं अंक युनिकोड (अक्षरं साठवायची सगळीकडे एकच ठरलेली पद्धत) फॉन्टमध्ये केला आहे की श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या, हे पहिल्याच फोनवर विचारा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केला असेल तर तोच फॉन्ट, त्याच नावाचा, प्रेसच्या मशिनवर हवा. नाहीतर पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. युनिकोड असेल तर फॉन्ट नसतानाही मजकूर निदान वाचता येतो. पण तिनं ॲडोबीच्या वर्गणीतून मिळणारे फॉन्ट वापरले असतील तर ते पॅकेजमध्ये उतरतच नाहीत, फोल्डर रिकामं दिसतं आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात. अंकाला सुरुवात करण्याआधीच ‘मुक्ता’ किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’ यांसारखा गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारा एखादा ठरवून दोन्हीकडे तीच फॉन्टची फाइल टाकली असती तर ही भानगड उरली नसती. पुढच्या वर्षी लक्षात ठेवा.

फॉन्ट बसला तरी एक जागा उरते, ती कंपोझरची. इनडिझाइनमध्ये ओळी जुळवणारी यंत्रणा एकापेक्षा जास्त प्रकारची आहे. देवनागरीला ‘वर्ल्ड-रेडी’ नावाची लागते. नेहमीची लागली असेल तर ‘विद्यार्थी’ या शब्दाकडे बघा: पहिली वेलांटी व च्या पलीकडे जाऊन बसते, द आणि य जुळत नाहीत, मध्ये पाय मोडल्याची खूण उघडी पडते, रफार भलत्याच ठिकाणी लटकतो. एका शब्दात चारही दोष दिसतात म्हणून मी तपासायला हाच शब्द शोधते. सीएस-६ मध्ये वर्ल्ड-रेडी यंत्रणा आहे. तिची सोय मेनूत दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं नाहीच. विंडो मेनू, त्यात युटिलिटीज, त्यात स्क्रिप्ट्स असं गेलं की ॲप्लिकेशनच्या खाली ‘इंडिक प्रेफरन्सेस’ नावाची एक स्क्रिप्ट असते. तिच्यावर डबल क्लिक करून इनडिझाइन बंद करून पुन्हा उघडायचं. तिचा उपयोग नव्या मजकुराला होतो, म्हणजे लेखकांच्या दुरुस्त्या टाइप करताना. जुना मजकूर मुलीकडूनच वर्ल्ड-रेडीमध्ये आला असेल तर ती सेटिंग आयडीएमएलबरोबर येते.

मग मुख्य काम. एका बाजूला तिची पीडीएफ, दुसऱ्या बाजूला सीएस-६ मध्ये उघडलेला अंक, आणि पान पान ताडून बघायचं. आवृत्ती बदलली की ओळी किंचित वेगळ्या तुटतात. एखाद्या लेखात एक शब्द खालच्या ओळीत गेला की शेवटची ओळ चौकटीबाहेर पडते, आणि चौकटीच्या कोपऱ्यात लाल अधिकचं चिन्ह येतं. ते चिन्ह म्हणजे मजकूर कापला गेला. कविता असेल तर विशेष बघा, कवी अंक हातात आल्यावर पहिल्यांदा शेवटची ओळच बघतात. गुलाबी पट्टी दिसली तर फॉन्ट नाही. लिंक्सच्या यादीत लाल प्रश्नचिन्ह दिसलं तर चित्र सापडलेलं नाही. संपादकीयाच्या मागची रंगीत पट्टी किंवा भोवतीची चौकट गायब झाली असेल तर ती या सगळ्यातून परत येणार नाही, प्रेसवाल्यांनी हातानं एक रंगीत चौकोन मागे ठेवायचा.

एवढं सगळं सांगूनही माझं मत वेगळं आहे. तुमची अडचण आवृत्तीची कमी आणि ‘शेवटची दुरुस्ती कोण करणार’ याची जास्त आहे. आज अंक सीएस-६ मध्ये उतरवलात, प्रेसनं दहा दुरुस्त्या केल्या, तिकडे पुण्यात एका लेखकानं थेट मुलीलाच फोन करून तिच्याकडच्या फाइलमध्ये दोन बदल करून घेतले, की तुमच्याकडे दोन अंक झाले. मग कुठला खरा? म्हणून आज ठरवा. एकतर दुरुस्त्या फक्त पुण्यात होतील, तुम्ही पीडीएफवर खुणा करून पाठवाल आणि प्रेसला शेवटची पीडीएफच मिळेल. तसं असेल तर आयडीएमएलची गरजच नाही. नाहीतर फाइल एकदा प्रेसकडे आली की पुण्याची फाइल बंद, मुलीनं तिला हात लावायचा नाही. मी तुमच्या जागी असते तर पहिला मार्ग घेतला असता. नव्या आवृत्तीतून खाली उतरताना दर वेळी थोडं सांडतं, आणि काय सांडलं हे छपाई झाल्यावर कळण्यात मजा नाही.

त्याच अंकाचं शेपूट: गंगापूर रोडच्या एका एजन्सीनं जाहिरात इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये पाठवली आहे. आमच्याकडचं इलस्ट्रेटर जुनं. त्यांचा माणूस रजेवर आहे. — तेच संपादक

जाहिरातीत तुम्हाला काही बदलायचं आहे का? नसेल तर इलस्ट्रेटर उघडूच नका. इनडिझाइनच्या पानावर ती एआय फाइल चित्रासारखी ‘प्लेस’ करून बघा. इलस्ट्रेटरमध्ये सेव्ह करताना ‘पीडीएफ कम्पॅटिबल’ची खूण आपोआप असते, ती कुणी मुद्दाम काढली नसेल तर एआय फाइलच्या पोटात पीडीएफही असते आणि इनडिझाइन तीच दाखवतो. खूण काढलेली असेल तर जाहिरातीच्या जागी तशी सूचना छापलेली दिसेल. मग रजेवरच्या माणसाची वाट बघावी लागेल. तो आला की त्याच्याकडून पीडीएफ घ्या. इलस्ट्रेटरच्या सेव्हच्या चौकटीत आवृत्ती निवडायची यादी असते, तिथून सीएस-६ निवडून तो जुनी फाइलही देऊ शकतो. पण जाहिरात त्यांची, शब्द त्यांचे, तुम्ही ती उघडून बदलायची जबाबदारी कशाला घेता?

पंचवटीत आमचं पत्रिका छपाईचं दुकान आहे. हल्ली गिऱ्हाइकं डिझाइन कुठल्यातरी भावाकडून, भाच्याकडून करून आणतात. त्याच्याकडे कोरल या डिझाइनच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती, आमच्याकडे एक्स-७. फाइल उघडत नाही आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘तुमचंच मशिन जुनं.’’ नवं कोरल घ्यावंच लागेल का?

दुकान चालतंय ना? मग भाच्यांसाठी कोरल बदलू नका. कोरलनं या बाबतीत इनडिझाइनपेक्षा उदार धोरण ठेवलं आहे. ‘सेव्ह ॲज’च्या खिडकीतच खाली आवृत्तीची यादी आहे. भाच्याला ती दिसत नाही, कारण त्याला कधी गरज पडली नाही. यादीत आकडे आले तर गोंधळू नका. एक्स-३ म्हणजे १३, एक्स-४ म्हणजे १४, तसंच चढत एक्स-७ म्हणजे १७, एक्स-८ म्हणजे १८. मग २०१७ ची आवृत्ती १९, २०१८ ची २०. भाच्याला व्हॉट्सॲपवर एवढंच लिहा (सीडीआर म्हणजे कोरलची फाइल): ‘‘सेव्ह ॲजमध्ये व्हर्जन १७ निवडून सीडीआर दे, सोबत एक पीडीएफ दे.’’ हा मेसेज लिहून फोनमध्ये ठेवून द्या, दर सीझनला उपयोगी पडेल.

खाली उतरताना पत्रिकेतल्या पारदर्शक छटा, सावल्या, लेन्स असले प्रकार कधी कधी चित्र बनून येतात, म्हणजे हलवता येतात, बदलता येत नाहीत. कलश, गणपती, मोराचा पिसारा यांना त्याचं काही नाही. अडचण मजकुराची. पुष्कळ जण सुचवतात की सगळा मजकूर कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, द्या, फॉन्टची कटकटच नको. ऐकायला छान. पण निमंत्रकांच्या यादीत एका काकांचं नाव राहिलेलं असतंच, आणि ते छपाईच्या आदल्या रात्री आठवतं. कर्व्ह केलेल्या पत्रिकेत काकांना कुठे बसवणार? म्हणून दोन प्रती मागा: एक कर्व्ह केलेली, दिसायला कशी हवी ते कळण्यासाठी; दुसरी टाइप केलेल्या मजकुराची, फॉन्टच्या फाइलसकट.

इथे एक गोष्ट तुमच्या शेजारच्या दुकानांसाठी. एक्स-५ किंवा त्याआधीचं कोरल असेल तर युनिकोड मराठी मजकूर त्यात नीट जुळत नाही, फाइल कितीही खाली उतरवली तरी. जोडाक्षरं जुळवण्याची सोय कोरलमध्ये आली ती एक्स-६ पासून. त्यामुळे कोरल १२ आणि एक्स-३ वाले अजून श्री-लिपीला चिकटून आहेत, आणि त्यांना हसण्यासारखं त्यात काही नाही. त्यांच्यासाठी कर्व्ह केलेली प्रत हाच मार्ग.

भाचा फोनच उचलत नसेल तर? लिबरऑफिस ड्रॉ हा फुकट प्रोग्रॅम सीडीआर उघडतो, इंकस्केपही उघडतो. दोन्हींत मांडणी थोडी विस्कटते, पण नावं, तारीख, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता एवढं वाचून नवी पत्रिका लावता येते. तुमच्या हाताला ते काही अवघड नाही. इंटरनेटवर ‘फाइल टाका, जुनी करून देतो’ म्हणणाऱ्या साइट्स आहेत, तिथे जाऊ नका. पत्रिकेवर दोन्ही घरांचे पत्ते आणि फोन नंबर असतात.

अंबड एमआयडीसीत आमचं शीट मेटलचं छोटं वर्कशॉप आहे. कंपनीकडून ड्रॉइंग डीडब्ल्यूजीमध्ये, म्हणजे ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये, येतं. आमच्याकडे ऑटोकॅड २०१४. कधी उघडतं, कधी नाही. कंपनीच्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, मी नेहमीसारखंच पाठवलं. खरं कसं ओळखायचं?

दादा, या प्रश्नाला माझ्याकडे अगदी नेमकं उत्तर आहे, म्हणून आनंदानं लिहिते. डीडब्ल्यूजी फाइल ऑटोकॅडमध्ये न उघडता नोटपॅडमध्ये उघडा. कचरा दिसेल, घाबरू नका. अगदी पहिली सहा अक्षरं वाचा. इंग्रजी ए, सी आणि पुढे चार आकडे असतात. १०१५ असेल तर फाइल ऑटोकॅड २००० च्या प्रकारची, १०१८ म्हणजे २००४, १०२१ म्हणजे २००७, १०२४ म्हणजे २०१०, १०२७ म्हणजे २०१३ आणि १०३२ म्हणजे २०१८. वाचून झालं की सेव्ह न करता नोटपॅड बंद करा. सेव्ह केलंत तर ड्रॉइंग खरंच खराब होईल.

ऑटोकॅड दर वर्षी नवं येतं, पण फाइलचा प्रकार दर वर्षी बदलत नाही. २०१३ ते २०१७ पर्यंतच्या सगळ्या आवृत्त्या एकाच, २०१३ च्या प्रकारात सेव्ह करतात. त्यामुळे तुमचं २०१४ हे १०२७ पर्यंतचं सगळं उघडतं; १०३२ आलं की अडतं. कंपनीत दोन माणसं दोन मशिनवर काम करत असणार, म्हणून कधी उघडतं, कधी नाही. ‘नेहमीसारखंच’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नाही, त्याला आपला प्रोग्रॅम कशात सेव्ह करतो ते माहीत नाही.

त्याला दोष न देता कळवा की तुमच्याकडे ऑप्शन्समध्ये ‘ओपन अँड सेव्ह’ नावाचा टॅब आहे, तिथे सेव्हचा प्रकार एकदा २०१३ करून ठेवा. पुन्हा कधी सांगायला नको. मोठी कंपनी ऐकेलच असं नाही, व्हेंडरचं कोण ऐकतं! मग ऑटोडेस्कचाच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू हा फुकट प्रोग्रॅम घ्या. त्यात ड्रॉइंग बघता येतं आणि ‘डीडब्ल्यूजी कन्व्हर्ट’नं जुन्या प्रकारात बदलता येतं, एकदम पूर्ण फोल्डरसुद्धा. त्याच्या नव्या आवृत्तीला नवं विंडोज लागतं, तेव्हा वर्कशॉपमधल्या विंडोज-७ वर हट्ट करू नका, ऑफिसच्या मशिनवर टाका.

लेझर कटिंगला फाइल देत असाल तर आणखी एक. पुष्कळ कटिंगवाले डीएक्सएफ (ड्रॉइंग एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायची फाइल) आर-१२ मागतात. तो फार जुना प्रकार आहे, त्यात स्प्लाइन, म्हणजे मुक्त वळणाची रेषा, म्हणून काही नाही. तुमची गुळगुळीत वळणं लहान लहान सरळ रेषांची होऊन जातात. ब्रॅकेटला चालतं. दर्शनी पॅनलवर डोळ्याला खुपतं. कटिंगवाल्याला विचारा की त्याचं मशिन २००० किंवा २००४ चा डीएक्सएफ घेतं का. आणि प्रकार कुठलाही असो, बदललेल्या फाइलवर एक माहितीचं माप, समजा भोकापासून भोकापर्यंतचं अंतर, मोजून बघितल्याशिवाय पत्रा मशिनवर चढवायचा नाही. मिलीमीटरचं इंच झालं की पत्रा गेला आणि कंपनी भरपाई देत नाही.

सिन्नरला मी लग्नाचे व्हिडिओ करतो. जोडीदारानं प्रीमियर प्रो या व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोग्रॅमचा प्रोजेक्ट पाठवला, त्याचं व्हर्जन माझ्यापेक्षा वरचं. नंबर बदलून उघडतो म्हणे, खरं का?

खरं, पण भरवसा ठेवण्याइतकं नाही. प्रीमियरचा प्रोजेक्ट म्हणजे दाबून ठेवलेला एक्सएमएल मजकूर. प्रोजेक्टची कॉपी काढा, ती सेव्हन-झिपनं उलगडा, आतली फाइल नोटपॅड प्लस-प्लसमध्ये उघडा. अगदी वरच्या ओळींत ‘प्रोजेक्ट’ या शब्दाच्या ओळीत ‘व्हर्जन’ आणि त्यापुढे एक आकडा दिसेल. तो १ करा, फाइलला प्रीमियरच्या प्रोजेक्टचं एक्स्टेन्शन द्या आणि उघडा. पुन्हा झिप करायची गरज नाही. प्रीमियर ती जुनी समजून आत घेतो आणि स्वतःच्या पद्धतीनं बदलून घेतो. जोडीदारानं नव्या आवृत्तीतलीच एखादी सोय वापरली असेल तर ती गळेल, किंवा मध्येच प्रोग्रॅम बंद पडेल.

सरळ मार्ग हवा असेल तर जोडीदाराला ‘फायनल कट प्रो एक्सएमएल’ एक्सपोर्ट करायला सांगा. त्यात कट आणि क्रम येतात. रंगाचं काम आणि टायटल्स येतील असं धरू नका, ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ पुन्हा टाइप करावं लागेल. आणि दोघं नेहमी एकत्र काम करत असाल तर सीझन सुरू होण्याआधी दोघांच्या मशिनवर एकच आवृत्ती ठेवा, मधल्या काळात अपडेटची सूचना आली तरी हात लावू नका. क्रॅक केलेलं वापरत असाल तर ते ठरवणंही तुमच्या हातात राहत नाही, आणि वधूपक्षाची सगळी फुटेज त्याच मशिनवर असते. पुढचं तुम्ही जाणा.

माझा प्रश्न उलटा आहे. आमच्या संस्थेच्या त्रैमासिकाचे जुने अंक पेजमेकर या मांडणीच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आहेत. सीडीवर फाइली सापडल्या. नव्या इनडिझाइनमध्ये उघडत नाहीत. नवा प्रोग्रॅम जुनं उघडतो असं तुम्हीच मागे म्हणालात. — एक निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड

सर, म्हणाले होते, आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. पण नवा प्रोग्रॅम जुनं किती काळ ओळखेल हे त्याचा मालक ठरवतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती २००१ ची. ॲडोबीनं पुढे सगळा जोर इनडिझाइनवर लावला, आणि काही वर्षं इनडिझाइन पेजमेकरच्या फाइली घेत राहिला. सीएस-६ पर्यंत घेतो. सीसीच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली.

म्हणजे वरच्या पत्रातल्या नाशिकरोडच्या प्रेसकडे जे ‘जुनं’ सीएस-६ आहे, ते तुमच्या कामाचं आहे. ओळखीच्या प्रेसमध्ये सीएस-६ असेल तर ते मशिन भंगारात जाऊ देऊ नका. फाइलींची एक्स्टेन्शन आधी बघा. पी-६५ म्हणजे पेजमेकर ६.५, पीएमडी म्हणजे ७. या दोन्ही उघडतील. पाचव्या आवृत्तीच्या असतील तर सीएस-६ ही नकार देईल, कारण तो ६ पासून पुढच्याच घेतो.

पहिलं काम सीडीचं. फाइली आणि सोबतची चित्रं आजच हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, सीडीवर थेट काम करू नका. मग फॉन्ट. त्या काळचे अंक जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये असणार, आणि तोच फॉन्ट मशिनवर नसेल तर अंक उघडेल पण वाचता येणार नाही. अंकाच्या छापील प्रती जपलेल्या असतील तर त्या सोबत घेऊन जा, पडद्यावरचं पान बरोबर आहे की नाही हे त्यांच्यावरूनच कळेल. उघडलेला प्रत्येक अंक तीन प्रकारांत ठेवा: पीडीएफ, वाचायला, आयडीएमएल, पुढच्या इनडिझाइनसाठी, आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा कन्व्हर्टर वेगळा, आणि रफार, ऋकार आणि अनुस्वार नजरेखालून घालावेच लागतात. तुम्ही शिक्षक होतात, ते काम तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोण करणार?

घाई मात्र करू नका. आत्ता कुठल्याही प्रेसमध्ये सीएस-६ चं मशिन मोकळं मिळणार नाही, आणि मिळालं तरी त्यावर बसलेला माणूस तुमच्याशी नीट बोलणार नाही. तुळशीचं लग्न होऊ द्या, मग जा.